यंत्रमागाच्या सिग्नलमधली चढती कडा सॉफ्टवेअरने नेमकी कशी पकडायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी पीक, म्हणजे कापडात पडणारा बाण्याचा एकेक आडवा धागा, मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं, त्याला तीन दिवस झाले होते. एक विणकर काका मला हाताला धरून त्यांच्या मागापाशी घेऊन गेले. माग बंद होता, मोटर गार होती, आणि स्क्रीनवरचा आकडा एकेकाने वाढत होता. "सर, माग बंद हाय की. आकडा कसा पळायलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे मजुरी मोजणीवर ठरायची. जास्त मोजलं तर मालकाचं नुकसान, कमी मोजलं तर विणकराचं. दोघांपैकी एकाचाही विश्वास उडाला की असलं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडतं. त्या दिवसापासून सिग्नलची चढती कडा, म्हणजे तो खालून वर जातो तो क्षण, ओळखणं हे काम मी एका ओळीच्या तुलनेवर सोडलेलं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखान्यांसाठी काम करणारी पोरं, डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, ज्यांना थोडंफार पायथन येतं, त्यांच्यासाठी मी शिकलेलं सगळं इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण मागाचं आहे, पण वीज मीटरचे पल्स असोत, पाण्याचा फ्लो मीटर असो की ऑसिलोस्कोपवरून (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावरून) उतरवलेली कुठलीही लाट, रीत हीच.

पहिली पायरी: प्रोग्रामआधी तार आणि शाफ्ट

मागाच्या क्रँक शाफ्टवर एक बोल्ट किंवा पत्री बसवतात, समोर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर. बोल्ट समोर आला की सेन्सरची तार आपली स्थिती बदलते. क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे फणीचा एक ठोका, म्हणजे एक पीक. खालचा शाफ्ट, ज्याला बॉटम शाफ्ट म्हणतात, तो साध्या मागात क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तिथे एक बोल्ट लावलात तर दोन पिकांना एकच पल्स मिळेल, आणि तुम्ही दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसाल. सेन्सर कोणत्या शाफ्टवर आहे हे जॉबरला (मागाची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला) विचारून घ्या. त्याला ते झोपेतही माहीत असतं.

दुसरी गोष्ट सेन्सरच्या जातीची. तीन तारांच्या सेन्सरमध्ये तपकिरी तार पुरवठ्याची, निळी शून्याची आणि काळी सिग्नलची. नॉर्मली ओपन पीएनपी सेन्सर धातू समोर आला की काळी तार २४ व्होल्टकडे नेतो. तशाच एनपीएन सेन्सरमध्ये उलटं होतं: धातू आला की तार शून्याकडे खेचली जाते, आणि एरवी ती पुल-अप रेझिस्टरमुळे वर असते. म्हणजे एनपीएनमध्ये चढती कडा येते ती बोल्ट समोरून निघून जाताना. नुसती मोजणी करायची असेल तर फरक पडत नाही, फेऱ्याला एक कडा दोन्हीकडे मिळते. पण ठोका नेमका कोणत्या क्षणी पडला ते पाहायचं असेल तर हाच फरक सगळं गणित सरकवतो.

स्कोपवर किंवा लॉगरवर डीसी कपलिंग ठेवा. एसी कपलिंगमध्ये सिग्नलची सरासरी वजा होते, आणि सरासरी तर पल्स किती वेळ वर राहतो त्यावर ठरते. मागाचा वेग बदलला, माग थांबला, की सगळी लाट खालीवर सरकते आणि काल ठरवलेली पातळी आज चुकते.

सॅम्पल किती घ्यायचे

सॅम्पल म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेलं सिग्नलचं एकेक रीडिंग. माग मिनिटाला १२० फेरे फिरतो असं धरा. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला ५०० मिलिसेकंद. बोल्ट सेन्सरसमोर फेऱ्याच्या ५ टक्के भागात असेल तर पल्स २५ मिलिसेकंदांचा. सेकंदाला १०० सॅम्पल घेतलेत तर त्या पल्सच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन येतील, त्यातला एक बिघडला की पीक गेलं. सेकंदाला १००० घेतले तर २५ येतात, आणि मग विचार करायला जागा मिळते. माझा नियम असा, की सर्वांत अरुंद पल्समध्ये निदान दहा सॅम्पल पडलेच पाहिजेत. पाचाच्या खाली तर जाऊच नका, कारण जे सॅम्पल घेतलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

अतिरेकही नको. ८ तासांच्या पाळीत सेकंदाला १००० या दराने २ कोटी ८८ लाख सॅम्पल होतात. नम्पायच्या (NumPy, पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) नेहमीच्या ८ बाइटच्या दशांश संख्यांमध्ये ते सुमारे २३० एमबी भरतात. छोट्या कॉम्प्युटरवर सगळं एकदम मेमरीत घेण्याऐवजी तुकड्यांनी वाचावं लागेल, त्याबद्दल पुढे.

ऑसिलोस्कोप वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: बहुतेक साधे स्कोप ८ बिटांचे असतात, म्हणजे उभ्या दिशेला २५६ पायऱ्या. पडद्याची उंची ४० व्होल्टची ठेवली तर एक पायरी सुमारे ०.१६ व्होल्टची. २४ व्होल्टच्या सिग्नलला हे चालतं. पण त्याच सेटिंगवर अर्ध्या व्होल्टचा सिग्नल पाहिलात तर तो तीन पायऱ्यांचा जिना दिसेल.

पातळ्या ठरवणे

आधी आलेख काढून डोळ्यांनी बघा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. निदान शंभर पल्स दिसतील एवढा तुकडा घ्या, मग एका पल्सवर झूम करा.

आता दोन पातळ्या शोधायच्या: सिग्नल खाली असताना कुठे असतो आणि वर असताना कुठे. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त किंमत घेऊ नका. शेजारच्या मोटरचा कॉन्टॅक्टर (तिला चालू-बंद करणारा स्विच) सुटला की एखादा टोकदार झटका येतो आणि तेवढ्याने कमाल किंमत दुप्पट होऊ शकते. सगळ्या सॅम्पलची सरासरीही कामाची नाही. आपला पल्स फेऱ्याच्या ५ टक्केच वर असतो, त्यामुळे सरासरी खालच्या पातळीला चिकटून बसते.

चांगला मार्ग हिस्टोग्रामचा. किंमतींचे शंभर-दोनशे कप्पे करा आणि कोणत्या कप्प्यात किती सॅम्पल पडले ते मोजा. दोन उंचवटे दिसतील, खालचा मोठा, वरचा छोटा. मधोमध दोन भाग करून प्रत्येक भागातला सर्वांत उंच कप्पा घ्या. लाटांमधली संक्रमणं आणि पल्स कसे मोजावेत यासाठीचं आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या संस्थेचं १८१ हे मानकही पातळ्यांसाठी हिस्टोग्रामचा मार्ग सांगतं. चढायला लागलेला वेळ १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत मोजायचा आणि कडेचा क्षण ५० टक्क्यांवर धरायचा, ही रूढ पद्धतही तिथे नीट व्याख्या करून दिलेली आहे.

आपल्या उदाहरणात २४ व्होल्टचा सिग्नल रेझिस्टरच्या विभाजकाने ५ व्होल्टच्या आत आणला आहे. खालची पातळी ०.४ निघाली, वरची ४.६. मधली उडी ४.२ व्होल्टची, तिचा मध्य २.५ वर. पुढे हेच आकडे वापरतो.

एका ओळीची तुलना कुठे मोडते

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते असं: मागचं सॅम्पल २.५ च्या खाली आणि आत्ताचं २.५ किंवा वर, की कडा. स्वच्छ सिग्नलवर हे बरोबर चालतं. आता मागावरून येऊ शकतील अशी ही दहा सॅम्पल पाहा:

०.५, ०.४, ०.९, २.३, २.७, २.४, २.६, ४.१, ४.६, ४.५

बोल्ट एकदाच आला. पण २.३ वरून २.७ वर जाताना एक कडा मोजली गेली आणि २.४ वरून २.६ वर जाताना दुसरी. सिग्नल हळू चढत असताना त्यावर नॉइज (बाहेरून आलेली नको असलेली थरथर) बसला की तो पातळीभोवती असाच घोटाळतो. तारा लांब असतील, मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून ओढलेल्या असतील, तर हे रोजचंच.

हिस्टेरेसिस: दोन पातळ्या आणि एक आठवण

इथे थांबून नीट समजून घ्या, बाकीचा लेख यावरच उभा आहे. एकटं सॅम्पल पाहून 'ही कडा' असं म्हणता येत नाही. सिग्नल याआधी निश्चितपणे खाली होता आणि आता निश्चितपणे वर आहे, या दोन्ही गोष्टींची खात्री लागते. म्हणून पातळ्या दोन ठेवायच्या. वरची ओलांडली तरच 'वर' म्हणायचं. खालच्याच्या खाली गेला तरच 'खाली' म्हणायचं. मधल्या पट्ट्यात असेल तोवर आधीचंच मत कायम ठेवायचं.

ही कल्पना जुनी आहे. ऑटो श्मिट यांनी १९३४ मध्ये, विद्यार्थी असताना, असं वागणारं सर्किट बनवलं. ते सजीवांच्या मज्जातंतूंमधून संदेश कसा जातो याचा अभ्यास करत होते. आज प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात श्मिट ट्रिगरची आयसी मिळते. आपण तेच सॉफ्टवेअरमध्ये करतोय.

साध्या शब्दांत प्रोग्राम असा:

स्थिती = अज्ञात
प्रत्येक सॅम्पलसाठी:
– किंमत वरच्या पातळीइतकी किंवा जास्त असेल तर: स्थिती 'खाली' होती का? असेल तर कडा नोंदवा. मग स्थिती = वर.
– नाहीतर किंमत खालच्या पातळीइतकी किंवा कमी असेल तर: स्थिती = खाली.
– दोन्ही नसेल तर काहीच करू नका.

सुरुवातीची स्थिती 'अज्ञात' ठेवली आहे ती मुद्दाम. 'खाली' ठेवलीत आणि माग नेमका बोल्ट सेन्सरसमोर असताना थांबलेला असेल, तर प्रोग्राम सुरू होताच एक खोटं पीक मोजलं जाईल. दिवसातून चार वेळा लाइट गेली की चार खोटी पिकं.

पट्टा किती रुंद ठेवायचा? नॉइजच्या शिखरापासून दरीपर्यंतच्या उंचीपेक्षा नक्की जास्त, आणि दोन्ही पातळ्यांपासून पुरेसा लांब. सिग्नल स्थिर असताना तो ०.३ व्होल्ट वर आणि ०.३ खाली हलत असेल, तर नॉइज ०.६ चा. मी ३० आणि ७० टक्के घेतो: खालची १.६६, वरची ३.३४. पट्टा १.६८ व्होल्टचा झाला, नॉइजच्या अडीचपटीहून जास्त. वरची दहा सॅम्पल यातून काढा. पहिली तीन 'खाली', पुढची चार पट्ट्यात, आणि ४.१ आल्यावर 'वर'. कडा एकच.

पायथनमध्ये एकेक सॅम्पल फिरवणं कोट्यवधी सॅम्पलना फार हळू पडतं. त्याला एक सुंदर युक्ती आहे. वरच्या पातळीच्या वर असेल तिथे +१ लिहा, खालच्याच्या खाली असेल तिथे −१, पट्ट्यात असेल तिथे ०. आपली दहा सॅम्पल अशी होतात: −१, −१, −१, ०, ०, ०, ०, +१, +१, +१. आता शून्यं सरळ काढून टाका, पण उरलेल्यांचे मूळ क्रमांक जपून ठेवा. उरलेल्या यादीत जिथे −१ च्या लगेच पुढे +१ आहे, तिथे कडा. शून्यं काढणं म्हणजेच पट्ट्यात असताना आधीचं मत कायम ठेवणं. लूप लागत नाही. मध्ये एखादं रीडिंग रिकामं (NaN) आलं असेल, तर त्याची दोन्ही पातळ्यांशी केलेली तुलना खोटी ठरते, ते शून्यात पडतं आणि आपोआप गळतं.

नम्पायचे दोन खड्डे सांगतो, दोन्हींत मी पडलो आहे. खरे-खोटे असलेल्या अॅरेवर 'डिफ' चालवलंत तर ते वजाबाकी करत नाही, 'बदल झाला का' एवढंच सांगतं. चढती आणि उतरती कडा दोन्ही 'खरं' म्हणून येतात आणि मोजणी बरोबर दुप्पट होते. दुसरा खड्डा स्कोपच्या कच्च्या ८ बिटांच्या आकड्यांचा, ज्यांना ऋण चिन्हच नसतं. त्यांत ० मधून १ वजा केला की −१ ऐवजी २५५ येतो. वजाबाकीआधी चिन्ह असलेल्या मोठ्या पूर्णांकात किंवा दशांशात बदलून घ्या.

कडेचा नेमका क्षण

नुसती मोजणी हवी असेल तर ही पायरी सोडून द्या. वेग काढायचा असेल तर मात्र वाचा.

हिस्टेरेसिसने कडा आहे हे सांगितलं ४.१ पाशी, म्हणजे पहिल्या सॅम्पलला शून्य क्रमांक दिला तर सातव्या क्रमांकावर. पण कडेचा क्षण आपण मध्यावर, २.५ वर धरायचं ठरवलंय. म्हणून सातवरून मागे चालत या आणि २.५ ओलांडणारी पहिली जोडी शोधा. ती ५ आणि ६ क्रमांकाच्या सॅम्पलची: २.४ आणि २.६. दोघांमध्ये सरळ रेषा आहे असं मानून:

क्षण = मागचा क्रमांक + (मध्य − मागची किंमत) ÷ (पुढची किंमत − मागची किंमत)

म्हणजे ५ + ०.१ ÷ ०.२ = ५.५. सेकंदाला १००० सॅम्पल असल्याने ५.५ मिलिसेकंद. मागे चालण्याऐवजी पुढून पहिली जोडी घेतली असती तर ३.५ आलं असतं. दोन्हींपैकी कोणतं बरोबर यावर वाद होऊ शकतो. महत्त्वाचं हे, की सगळ्या कडांना एकच नियम लावा. दोन मिलिसेकंदांचा फरक ५०० च्या फेऱ्यात ०.४ टक्के भरतो. मिनिटाला १२० फेरे असतील तर अर्धा फेरा.

फिल्टर

एका सॅम्पलपुरता येणारा झटका काढायला तीन सॅम्पलचा मीडियन फिल्टर पुरतो: प्रत्येक सॅम्पलच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांतला मधला आकडा. झटका जातो, कडेची धार राहते. सरकती सरासरी नॉइज कमी करते पण कडा पसरवते, आणि फक्त मागची सॅम्पल घेऊन काढली तर उशीरही आणते. ११ सॅम्पलच्या सरासरीने ५ सॅम्पलचा उशीर. साठवलेल्या डेटावर सायपाय (SciPy) या लायब्ररीचं 'फिल्टफिल्ट' दोन्ही दिशांनी फिल्टर चालवून तो उशीर घालवतं. मी आधी मीडियन लावतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

पातळ्या दिवसभर सरकतात तेव्हा

प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या पातळ्या सहसा हलत नाहीत. ऑप्टिकल सेन्सरच्या हलतात. टॉवेलच्या शेडमध्ये सुताचे तंतू हवेत सतत उडत असतात. सकाळी पुसलेल्या भिंगावर दुपारपर्यंत पांढरा थर बसतो आणि वरची पातळी ४.६ वरून ३ वर येते. आपली ३.३४ ची रेषा मग कधीच ओलांडली जात नाही. माग धडधडतोय, आकडा थांबलाय, आणि मजुरी विणकराची बुडतेय.

उपाय म्हणजे पातळ्या दर थोड्या वेळाने नव्याने काढणे. शेवटच्या १० सेकंदांचा तुकडा घ्या, त्यात सुमारे २० पल्स येतात, आणि त्यावरून हिस्टोग्रामने पातळ्या काढा. ऐकायला सोपं आहे, पण यात एक जीवघेणी खोच आहे. माग थांबला की त्या १० सेकंदांत पल्सच नसतो, फक्त खालची पातळी आणि तिच्यावरचा नॉइज असतो. प्रोग्राम इमानेइतबारे त्या नॉइजमध्येच 'वरची' आणि 'खालची' पातळी शोधतो आणि प्रत्येक थरथर पीक म्हणून मोजतो. म्हणून अट घाला: दोन पातळ्यांमधली उडी मूळ उडीच्या, समजा, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी निघाली तर नव्या पातळ्या स्वीकारू नका, शेवटच्या चांगल्या पातळ्याच चालू ठेवा. आणि माग चालू असल्याची दुसरी खूण, उदाहरणार्थ मोटरचा कॉन्टॅक्टर, उपलब्ध असताना उडी कमी दिसली तर स्क्रीनवर 'भिंग पुसा' असं मराठीत आणि तेलुगूत लिहून दाखवा. पूर्व भागात हे दुसरं फार उपयोगी पडतं.

काही जण शाफ्टला सेन्सर लावण्याऐवजी मागाच्या चौकटीवर कंपनाचा सेन्सर लावून ठोके मोजतात. टॉवेलवर हे जपून करा. तीन पिकांच्या टेरीत (टॉवेलच्या विणीत) पहिली दोन पिकं फणी कापडाच्या कडेपर्यंत पूर्ण नेत नाही. तिसऱ्या ठोक्याला तिन्ही पिकं एकत्र पुढे सारली जातात, त्यातूनच टॉवेलवरचे धाग्यांचे लूप उभे राहतात. ठोके सारख्या जोराचे नसल्याने, कमाल उंचीवरून पातळी ठरवलीत तर तिसरा तेवढाच मोजला जाण्याचा धोका असतो. आकडा खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा येत असेल तर प्रथम हे तपासा.

मधला किमान वेळ

माग मिनिटाला १५० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नसेल, तर दोन पिकांमध्ये निदान ४०० मिलिसेकंद असणारच. मग एक कडा घेतल्यावर पुढचे २४० मिलिसेकंद आलेली दुसरी कडा नाकारता येते. माझा आग्रह एवढाच, की नाकारलेल्या कडा गुपचूप टाकू नका, वेगळ्या मोजून ठेवा. पाळीत दोन-चार नाकारल्या तर ठीक. दोनशे नाकारल्या असतील तर तार, अर्थिंग किंवा सेन्सरचा नट सैल आहे. हा वेळ ते झाकून ठेवतो, बरा करत नाही.

तुकड्यांच्या सांध्यावर

डेटा एकेका मिनिटाच्या तुकड्याने वाचत असाल तर एका तुकड्याचं शेवटचं सॅम्पल 'खाली' आणि पुढच्याचं पहिलं 'वर' असं होणारच. प्रत्येक तुकडा कोरा सुरू केलात तर ती कडा कुणाच्याच वाट्याला येत नाही. पाळीत ४८० तुकडे, त्यांतले काही सांधे कडेवर पडतात, आणि रोज थोडी पिकं हरवतात. ही चूक इतकी लहान असते की वर्षभर कुणाला कळत नाही. स्थिती, शेवटचं सॅम्पल, शेवटच्या कडेचा क्षण आणि चालू पातळ्या या चार गोष्टी एका तुकड्याकडून पुढच्याकडे द्या. +१, −१ ची युक्ती वापरत असाल तर मागच्या तुकड्यातलं शेवटचं शून्य नसलेलं चिन्ह नव्या यादीच्या डोक्यावर जोडा, पुरे. मीडियन फिल्टर लावत असाल तर सांध्यापाशी एकेक सॅम्पल शेजारच्या तुकड्यातलंही लागतं, ते विसरू नका.

तपासणी

खोटा सिग्नल बनवा ज्यातल्या कडा तुम्हाला आधीच माहीत आहेत: ०.४ आणि ४.६ च्या पातळ्या, २५ मिलिसेकंदांचे १००० पल्स, वर थोडा नॉइज. प्रोग्रामने १००० सांगितलं तर नॉइज वाढवत न्या आणि कुठे मोडतो ते लिहून ठेवा. मग मुद्दाम त्रास द्या: सुरुवातच 'वर' असताना करा, मध्ये एक सॅम्पलचे झटके टाका, एक पल्स नेमका तुकड्याच्या सांध्यावर ठेवा, दहा मिनिटं काहीच पल्स नसू द्या. याच पाच परीक्षा प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा.

त्यानंतर खरी परीक्षा कापडावर. विणलेलं कापड जिथे संपतं तिथे एक रंगीत खूण करा, प्रोग्राम शून्यावर आणा, माग चालवा, आणि खुणेपासूनचं कापड उतरवून काही तास मोकळं ठेवा. काउंटिंग ग्लास (धागे मोजायचं भिंग) ठेवून इंचातली पिकं चार-पाच ठिकाणी मोजा. इंचाला ४० पिकं आणि ६० इंच कापड असेल तर २४०० च्या आसपास यायला हवीत. ग्लासच्या मोजणीत एखाद्या पिकाचा फरक राहतो, म्हणून याने दुप्पट-निमपटीच्या आणि मोठ्या चुका पकडा. बारीक चुकांसाठी मागावरचा यांत्रिक काउंटर पूर्ण पाळीभर शेजारी ठेवून दोन्ही आकडे लिहा.

बंद मागाचा आकडा का पळत होता

आता काकांचा प्रश्न. स्कोप लावल्यावर जे दिसलं त्याने मला धक्का बसला. तारेवर नॉइज नव्हताच. सिग्नल खरोखर पूर्ण खालून पूर्ण वर जात होता. माग थांबताना बोल्टची कड सेन्सरच्या पल्ल्याच्या अगदी सीमेवर येऊन राहिली होती. आजूबाजूचे माग चालू असल्याने फरशी थरथरत होती, बोल्ट केसभर आतबाहेर होत होता, आणि सेन्सर प्रामाणिकपणे तेच सांगत होता. इथे व्होल्टेजचा हिस्टेरेसिस कितीही रुंद करा, उपयोग शून्य. किमान वेळाची अटही पुरत नाही, कारण कडा कधीकधी सेकंदाच्या अंतराने येत होत्या.

आठवण हवी होती ती शाफ्टच्या कोनाची. बोल्ट काढून अर्धचंद्राकृती पत्रा बसवला, जो अर्धा फेरा सेन्सरसमोर राहतो. दोन सेन्सर ९० अंशांच्या अंतराने लावले, त्यांना अ आणि ब म्हणू. माग पुढे फिरताना क्रम ठरलेला: अ चढतो, ब चढतो, अ उतरतो, ब उतरतो. मग नियम दोनच:

अ चढला आणि त्या वेळी ब खाली आहे: एक पीक मिळवा.
अ उतरला आणि त्या वेळी ब खाली आहे: एक पीक वजा करा.

माग उलटा फिरतो तेव्हा अ उतरताना ब खाली असतो, म्हणून पीक वजा होतं. आणि तसंच व्हायला हवं. धागा तुटल्यावर विणकर माग हाताने मागे फिरवून पीक शोधतो, चुकलेला बाणा काढतो आणि तीच जागा पुन्हा विणतो. एका सेन्सरच्या मोजणीत ते मागे फिरणंही पुढचं पीक म्हणून धरलं जात होतं. सीमेवर थरथर झाली तर एक मिळतं, एक जातं. यासाठी दोन्ही सेन्सरची सॅम्पल एकाच वेळची असावी लागतात, आणि दोन्हींवर वरचा हिस्टेरेसिस तसाच चालवायचा. यात २४० मिलिसेकंदांची अट मात्र लावायची नाही, नाहीतर मिळवलेलं मोजलं जाईल आणि वजा होणारं नाकारलं जाईल.

पत्रा बसवला त्या दुपारी काकांना सांगून माग मुद्दाम त्या सीमेवर थांबवला. शेजारचे सगळे माग चालू होते. स्क्रीनवर १४१८ आलं, मग १४१९, पुन्हा १४१८. आम्ही दोघं पंधरा मिनिटं उभे राहिलो. आकडा त्या दोनांच्या पुढे गेला नाही. काकांनी मान हलवली, हँडल ओढलं, आणि १४२० झालं.